दूरचित्रवाणीवरील नृत्य आणि मालकीचा प्रश्न : 'सोल ट्रेन' व कृष्णवर्णीय मनोरंजनकर्त्यांचा सांस्कृतिक वारसा

गोषवारा :
१९७० मध्ये शिकागो येथे सुरू झालेला आणि २००६ पर्यंत अमेरिकेत प्रक्षेपित होत राहिलेला 'सोल ट्रेन' हा दूरचित्रवाणीवरील नृत्य-संगीताचा कार्यक्रम कृष्णवर्णीयांच्या सांस्कृतिक इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. कृष्णवर्णीय चेहरे पडद्यावर दिसले, एवढ्यावरच त्याचे महत्त्व थांबत नाही. पडद्यावर काय दिसावे हे ठरविण्याचा अधिकार या कार्यक्रमाने कृष्णवर्णीय निर्मात्याच्या आणि प्रायोजकाच्या हाती आणला. मात्र ज्यांच्या नृत्यावर हा डोलारा उभा राहिला, त्या तरुण नर्तकांपर्यंत ही मालकी पोहोचली नाही. प्रस्तुत लेखात या दुहेरी वारशाचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सोल ट्रेन, डॉन कॉर्नेलियस, दूरचित्रवाणी, प्रतिनिधित्व, मालकी, नृत्यरचनेचा स्वामित्वहक्क.

प्रास्ताविक

मराठी अभ्यासकांना अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचा परिचय झाला तो मुख्यतः साहित्याच्या आणि चळवळीच्या वाटेने. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. पुढे दलित साहित्य आणि कृष्णवर्णीय साहित्य यांची तुलना हा आपल्या महाविद्यालयांतील मराठी व इंग्रजी विभागांचा परिचित अभ्यासविषय झाला. तेथील कवी, कादंबरीकार, आत्मचरित्रकार आणि नेते यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लेखन झाले. परंतु त्याच काळात तेथील सामान्य कृष्णवर्णीय कुटुंबे शनिवारी एकत्र बसून जो कार्यक्रम पाहत असत, त्याची दखल आपल्याकडे क्वचितच घेतली गेली. नाचगाणे म्हणजे करमणूक आणि करमणूक म्हणजे गंभीर अभ्यासाबाहेरची गोष्ट, ही धारणा त्यामागे असावी.

ही धारणा तपासून पाहण्याची गरज आहे. कोणी कोणासमोर नाचायचे, ते चित्रित कोणी करायचे आणि त्यातून मिळणारा पैसा कोणाकडे जायचा, हे प्रश्न सत्तेचेच प्रश्न असतात. लोककलावंतांच्या परंपरा लाभलेल्या महाराष्ट्रात हे वेगळे सांगावयास नको. 'सोल ट्रेन'च्या निमित्ताने या प्रश्नांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

१. 'सोल ट्रेन'पूर्वीच्या दूरचित्रवाणीवरील नृत्यकार्यक्रमांतील वर्णभेदाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. 'सोल ट्रेन'च्या उदयामागील सामाजिक व आर्थिक कारणे समजून घेणे.
३. या कार्यक्रमाच्या सांस्कृतिक वारशाचे आणि त्यातील मर्यादांचे विवेचन करणे.

१) पूर्वपीठिका : नृत्य दिसले, नर्तक दिसले नाहीत

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दूरचित्रवाणीचा झपाट्याने प्रसार झाला आणि किशोरवयीन मुले हा एक नवा ग्राहकवर्ग म्हणून पुढे आला. या वर्गासाठी अनेक शहरांत स्थानिक वाहिन्यांनी नृत्याचे कार्यक्रम सुरू केले. ध्वनिमुद्रिका वाजवायच्या आणि शाळकरी मुलामुलींना स्टुडिओत बोलावून त्यावर नाचू द्यायचे, एवढाच त्यांचा साधा आणि अल्पखर्चिक आराखडा होता. फिलाडेल्फियात १९५२ मध्ये सुरू झालेला 'बँडस्टँड' हा त्यांपैकी सर्वांत यशस्वी ठरला. १९५६ मध्ये डिक क्लार्क त्याचे निवेदक झाले आणि ५ ऑगस्ट १९५७ पासून तो 'अमेरिकन बँडस्टँड' या नावाने एबीसी नेटवर्कवरून देशभर दिसू लागला.

या कार्यक्रमात कृष्णवर्णीय गायक येत असत, त्यांची गाणी वाजत असत. परंतु स्टुडिओत नाचणाऱ्या मुलांमध्ये कृष्णवर्णीय मुले जवळजवळ नसत. प्रवेशाचे नियम कागदोपत्री सर्वांसाठी समान होते. प्रत्यक्षात मात्र कृष्णवर्णीय मुलांना निरनिराळी कारणे देऊन दाराबाहेर ठेवले जाई. पुढील काळात क्लार्क यांनी आपला कार्यक्रम आरंभापासून सर्वांना खुला होता असे सांगितले. इतिहासकार मॅथ्यू डेलमाँट यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने हा दावा खोडून काढला. फिलाडेल्फियातील वर्षांत ही बंदी टिकून होती, हे त्यांनी तत्कालीन वृत्तपत्रे आणि प्रत्यक्षदर्शींच्या आठवणी यांच्या आधारे दाखवून दिले.

येथे एक बारकावा लक्षात घेणे आवश्यक आहे. फिलाडेल्फियाजवळच्या विल्मिंग्टन येथील वाहिनीवर १९५५ ते १९५८ या काळात मिच थॉमस हे कृष्णवर्णीय निवेदक आपला स्वतंत्र नृत्यकार्यक्रम सादर करीत होते. तेथे कृष्णवर्णीय मुले जी नृत्ये करीत, ती पाहून 'बँडस्टँड'वरील गौरवर्णीय मुले ती शिकत आणि काही दिवसांतच ती देशभर त्यांच्या नावावर जमा होत. दोन समोरासमोरच्या रांगांमधून एकेका जोडीने नाचत जाण्याचा 'स्ट्रोल' हा प्रकार अशाच रीतीने प्रसिद्ध झाला. नृत्याला प्रवेश होता. ते नृत्य घडविणाऱ्यांना नव्हता. थॉमस यांचा कार्यक्रम तीन वर्षांत बंद पडला, तर 'अमेरिकन बँडस्टँड' १९८९ पर्यंत चालला.

बाल्टिमोर येथील 'बडी डीन शो'ची कथाही अशीच बोलकी आहे. १९५७ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात कृष्णवर्णीय मुलांसाठी महिन्यातील एक दिवस राखून ठेवलेला असे. एरवी त्यांना मज्जाव होता. ऑगस्ट १९६३ मध्ये नागरी हक्क चळवळीतील तरुणांनी कृष्णवर्णीय व गौरवर्णीय मुलांना एकाच वेळी त्या मंचावर नाचविले. मुलांनी एकत्र नाचावे ही मागणी मान्य करण्याऐवजी जानेवारी १९६४ मध्ये कार्यक्रमच बंद करण्यात आला. याच घटनेवर आधारलेल्या 'हेअरस्प्रे' (१९८८) या चित्रपटाचा शेवट सर्वांच्या एकत्र नृत्याने होतो. प्रत्यक्षातील शेवट मात्र बंद पडलेल्या स्टुडिओचा होता.

प्रायोजकांची भूमिका या संदर्भात निर्णायक होती. नॅट किंग कोल हे त्या काळातील अत्यंत लोकप्रिय गायक. १९५६ मध्ये एनबीसी नेटवर्कवर त्यांचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. मोठमोठे कलावंत त्यात आले. तथापि, कृष्णवर्णीय निवेदकाच्या कार्यक्रमाशी आपले नाव जोडण्यास कोणीही राष्ट्रीय प्रायोजक पुढे आला नाही आणि डिसेंबर १९५७ मध्ये कोल यांनी तो थांबविला. गुणवत्ता होती, प्रसिद्धी होती. पाठीशी उभा राहणारा पैसा नव्हता. 'सोल ट्रेन'चे वेगळेपण समजून घेण्यासाठी हा अनुभव ध्यानात ठेवला पाहिजे.

२) शिकागोची भूमी आणि डॉन कॉर्नेलियस

१९६० च्या दशकात नागरी हक्कांचे कायदे संमत झाले, परंतु नगरांतील कृष्णवर्णीय वस्त्यांचे वास्तव फारसे बदलले नाही. शहराशहरांत उसळलेल्या दंगलींची कारणे शोधण्यासाठी नेमलेल्या कर्नर आयोगाने फेब्रुवारी १९६८ मध्ये आपला अहवाल सादर केला. अमेरिकेतील प्रसारमाध्यमे गौरवर्णीयांच्या दृष्टीनेच जग पाहतात आणि दाखवितात, असा स्पष्ट ठपका त्यात ठेवण्यात आला होता. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. यानंतर कृष्णवर्णीयांसाठी दूरचित्रवाणीची दारे काही प्रमाणात किलकिली झाली.

शिकागोत मात्र या बदलासाठी आवश्यक असलेली आर्थिक पूर्वतयारी आधीच झालेली होती. जॉन एच. जॉन्सन यांनी १९४५ मध्ये 'एबोनी' आणि १९५१ मध्ये 'जेट' ही नियतकालिके याच शहरातून सुरू केली. जॉर्ज जॉन्सन यांनी १९५४ मध्ये केशप्रसाधने तयार करणारी 'जॉन्सन प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली. १९७१ मध्ये अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदली गेलेली ती पहिली कृष्णवर्णीय मालकीची कंपनी होय. व्हिन्स कलर्स यांनी १९५६ मध्ये येथेच आपली जाहिरातसंस्था सुरू केली होती. कृष्णवर्णीयांचे रेडिओ केंद्र म्हणून गाजलेले 'डब्ल्यूव्हीओएन' हेही शिकागोचेच. या अक्षरांचा अर्थच मुळी 'निग्रोंचा आवाज' असा होता. तथापि त्याचे मालक लेनर्ड व फिल चेस हे गौरवर्णीय बंधू होते. आवाज एकाचा आणि मालकी दुसऱ्याची, ही त्या काळातील सर्वसाधारण रीत होती.

डॉन कॉर्नेलियस यांचा जन्म २७ सप्टेंबर १९३६ रोजी शिकागोत झाला. नौसैनिक दलातील (मरीन कोअर) सेवेनंतर त्यांनी विमा विकण्याचा व्यवसाय केला. आपल्या धीरगंभीर आवाजाचा उपयोग व्हावा म्हणून तिशीच्या उंबरठ्यावर, घरसंसाराची जबाबदारी असताना, त्यांनी प्रसारणाचे प्रशिक्षण घेतले आणि १९६६ मध्ये 'डब्ल्यूव्हीओएन'वर वृत्तनिवेदक म्हणून काम सुरू केले. जोडीला 'डब्ल्यूसीआययू' या छोट्या स्थानिक दूरचित्रवाणी वाहिनीवरही ते काम करू लागले. याच सुमारास शहरातील शाळाशाळांतून ते गायकांचे फिरते कार्यक्रम आयोजित करीत. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या या ताफ्याला त्यांनी आगगाडीची उपमा दिली. 'सोल ट्रेन' हे नाव तेथून आले.

१७ ऑगस्ट १९७० रोजी 'डब्ल्यूसीआययू'वर 'सोल ट्रेन'चा पहिला भाग प्रक्षेपित झाला. शिकागोच्या व्यापारमंडळाच्या इमारतीत त्रेचाळिसाव्या मजल्यावर असलेला स्टुडिओ अगदी लहान होता आणि प्रक्षेपण कृष्णधवल होते. तरीही शाळा सुटल्यावर घरी परतणाऱ्या मुलांमध्ये हा कार्यक्रम लगेच लोकप्रिय झाला. आपल्याच गल्लीतील, आपल्याच शाळेतील मुले पडद्यावर सन्मानाने नाचताना दिसणे, हा त्यांच्या दृष्टीने अपूर्व अनुभव होता.

३) राष्ट्रीय प्रक्षेपण आणि मालकीचे अर्थकारण

स्थानिक यश पाहून जॉर्ज जॉन्सन यांनी प्रायोजकत्व स्वीकारले आणि २ ऑक्टोबर १९७१ पासून 'सोल ट्रेन'चे राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झाले. त्याची निर्मिती लॉस एंजेलिस येथे होऊ लागली. यासाठी कॉर्नेलियस यांनी जो मार्ग निवडला तो समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेत त्या वेळी तीन बड्या नेटवर्कचे वर्चस्व होते. त्यांना वगळून निरनिराळ्या शहरांतील स्वतंत्र वाहिन्यांना थेट कार्यक्रम पुरविण्याची एक पद्धत होती. तिला 'सिंडिकेशन' म्हणतात. या पद्धतीत निर्मात्याला प्रत्येक शहरातील वाहिनीचे दार स्वतंत्रपणे ठोठवावे लागते. परंतु कार्यक्रमाची मालकी आणि आशयावरील नियंत्रण त्याच्याकडेच राहते.

प्रारंभी दहापेक्षाही कमी शहरांतील वाहिन्यांनी हा कार्यक्रम घेतला. अनेकांना केवळ कृष्णवर्णीयांचा कार्यक्रम दाखविणे धोक्याचे वाटत होते. पुढे शहरांची संख्या वाढत गेली. नॅट किंग कोल यांना जो प्रायोजक मिळाला नाही, तो कॉर्नेलियस यांना आपल्याच समाजातील उद्योजकाच्या रूपाने मिळाला, हा या यशातील कळीचा मुद्दा आहे.

यामुळे कार्यक्रमाइतक्याच त्यातील जाहिरातीही वेगळ्या ठरल्या. 'आफ्रो शीन' या प्रसाधनाच्या जाहिरातींत नैसर्गिक कुरळे केस अभिमानाने मिरविणारे स्त्री-पुरुष दिसत. एका जाहिरातीत तर गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते फ्रेडरिक डग्लस एका तरुणासमोर अवतरतात आणि त्याच्या विस्कटलेल्या केसांविषयी त्याला समज देतात. तोपर्यंतच्या प्रसाधनांच्या बाजारात केस सरळ करून गौरवर्णीयांसारखे दिसणे हाच सौंदर्याचा आदर्श होता. त्या पार्श्वभूमीवर इतिहास, आत्मसन्मान आणि व्यापार यांची ही सांगड विशेष लक्षणीय वाटते.

याच काळातील दुसऱ्या एका प्रयोगाशी तुलना केल्यास मालकीचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. न्यूयॉर्क येथे एलिस हेझलिप यांनी १९६८ मध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीवर 'सोल!' हा दर्जेदार कार्यक्रम सुरू केला. संगीताबरोबर काव्य आणि विचार यांनाही त्यात स्थान होते. १९७१ मध्ये जेम्स बाल्डविन आणि निकी जिओव्हानी यांचा गाजलेला संवाद याच कार्यक्रमात झाला. परंतु तो अनुदानावर अवलंबून होता. अनुदानाचा ओघ आटताच १९७३ मध्ये तो संपला. बौद्धिक दृष्ट्या 'सोल!' अधिक सखोल होता हे मान्य करूनही, टिकून राहण्याची शक्ती 'सोल ट्रेन'ला त्याच्या स्वतंत्र अर्थकारणाने दिली, असे म्हणावे लागते.

१९७३ मध्ये डिक क्लार्क यांनी कृष्णवर्णीय संगीतावर आधारित 'सोल अनलिमिटेड' हा कार्यक्रम एबीसीवर आणला. कॉर्नेलियस यांच्यासह जेसी जॅक्सन यांच्यासारख्या नेत्यांनी त्याला विरोध केला. कृष्णवर्णीयांनी कष्टाने उभारलेल्या एकमेव राष्ट्रीय नृत्यमंचाशी बलाढ्य नेटवर्कने स्पर्धा करावी, हे त्यांना अन्यायाचे वाटले. तो कार्यक्रम अल्पावधीतच बंद झाला. १९५० च्या दशकात मिच थॉमस यांना जे संरक्षण लाभले नव्हते ते १९७३ मध्ये कॉर्नेलियस यांना लाभले, कारण त्यांच्या पाठीशी एक संघटित समाज आणि बाजारपेठ उभी होती.

४) मंचावरील संस्कृती

'सोल ट्रेन'चा आराखडा जुन्याच नृत्यकार्यक्रमांसारखा होता : पाहुणे गायक, निवेदकाशी छोटी मुलाखत आणि नाचणारी तरुण मुले. परंतु या आराखड्यातून व्यक्त होणारा भाव सर्वस्वी निराळा होता. कॉर्नेलियस यांचा पोशाख नीटनेटका आणि झोकदार असे. बोलणे संथ आणि भारदस्त असे. ते कधी विदूषकी वागले नाहीत. गौरवर्णीयांना हसविणारा नोकर किंवा भांबावलेला गावंढळ, अशा साच्यात कृष्णवर्णीय पुरुषाला पाहण्याची सवय असलेल्या प्रेक्षकांसमोर हा आत्मविश्वास स्वतःच एक विधान होता. प्रत्येक भागाच्या शेवटी ते प्रेक्षकांना प्रेम, शांती आणि 'सोल' यांच्या शुभेच्छा देत.

'सोल' या शब्दाला आत्मा, अंतःकरण, जिव्हाळा अशा अनेक अर्थच्छटा आहेत. चर्चमधील भजनपरंपरा आणि लौकिक प्रेमगीते यांच्या संयोगातून निर्माण झालेल्या संगीतप्रकाराचेही तेच नाव. केनी गॅम्बल आणि लिऑन हफ यांनी रचलेली या कार्यक्रमाची शीर्षकधून १९७४ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचली. दूरचित्रवाणीवरील शीर्षकधुनीला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

कार्यक्रमाचा सर्वांत अविस्मरणीय भाग म्हणजे 'सोल ट्रेन लाइन'. मुले-मुली दोन रांगांत समोरासमोर उभी राहत आणि मधल्या वाटेने एकेक जोडी आपापल्या पद्धतीने नाचत पुढे येई. 'स्ट्रोल'शी असलेले तिचे नाते उघड आहे. पूर्वी ज्यांच्याकडून ती रांग नाव न घेता उचलली गेली होती, त्यांच्या मुलांनी ती आता आपल्या मंचावर, आपल्या नावाने परत आणली. रांगेतील प्रत्येकाला काही क्षण संपूर्ण देशाचे लक्ष मिळे. समूहाचा ठेका आणि व्यक्तीचे वैशिष्ट्य यांचा असा समतोल अन्यत्र क्वचितच आढळतो.

'स्क्रॅम्बल बोर्ड' हा खेळही उल्लेखनीय आहे. फलकावरील विस्कळीत अक्षरे जुळवून दोन स्पर्धकांनी एक नाव तयार करायचे असे; ते नाव बहुधा एखाद्या कृष्णवर्णीय कलावंताचे किंवा इतिहासातील व्यक्तीचे असे. शाळेच्या पाठ्यपुस्तकांत ज्यांचा उल्लेख नसे, अशी नावे करमणुकीच्या ओघात घराघरांत पोहोचली.

५) नृत्याची निर्मिती आणि नर्तकांचे स्थान

या मंचावरून पसरलेल्या नृत्यप्रकारांची व्याप्ती मोठी आहे. लॉस एंजेलिसमधील डॉन कॅम्पबेल हा विद्यार्थी १९७० च्या सुमारास त्या वेळचे एक प्रचलित नृत्य शिकण्याचा प्रयत्न करीत असताना मध्येच हात आखडून क्षणभर थांबे. या अडखळण्यालाच त्याने शैलीचे रूप दिले. तीच 'लॉकिंग' शैली होय. कॅम्पबेल आणि त्याचे साथीदार 'सोल ट्रेन'वर झळकले आणि ही शैली देशभर पसरली. १९७३ मध्ये मायकेल जॅक्सन आपल्या भावांसह या मंचावर आला, तेव्हा त्याने यंत्रमानवासारख्या हालचालींचे 'रोबोट' नृत्य सादर केले. डमिटा जो फ्रीमन यांच्यासारख्या नर्तिकांनी पाहुण्या गायकांच्या बरोबरीने मंच गाजविला. जोडी वॉटली आणि जेफ्री डॅनियल पुढे 'शालामार' या गायनसंचातून प्रसिद्धीस आले. रोझी पेरेझ अभिनेत्री म्हणून नावारूपास आल्या.

परंतु येथेच या इतिहासाची दुसरी बाजू सुरू होते. स्टुडिओत नाचणाऱ्या तरुणांना मोबदला मिळत नसे. शनिवार-रविवारी तासन् तास चालणाऱ्या चित्रीकरणाच्या बदल्यात दुपारचे जेवण आणि शीतपेय एवढीच त्यांची प्राप्ती होती. तेथे नाचावयास मिळणे हीच मुलांना पर्वणी वाटे, यात शंका नाही. तथापि, प्रेक्षक मुख्यतः या मुलांना पाहण्यासाठी कार्यक्रम लावीत आणि प्रायोजक त्या प्रेक्षकांसाठी पैसे मोजीत. या साखळीतील प्रत्येक दुव्याला मोल होते. नर्तकाच्या दुव्याला मात्र नव्हते. नेटवर्कच्या दारात ज्या अन्यायाविरुद्ध कॉर्नेलियस उभे राहिले, त्याचा एक अंश त्यांच्या स्वतःच्या स्टुडिओत शिल्लक राहिला.

या त्रुटीचे खापर एका व्यक्तीच्या माथी फोडणे मात्र अपुरे ठरेल. अमेरिकेच्या १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्याने नृत्यरचनेला संरक्षण दिले. परंतु सुटी पावले, छोटे नृत्यखंड आणि लोकांत रूढ असलेली सामाजिक नृत्ये त्याबाहेर ठेवली. यामागील तत्त्व समजण्यासारखे आहे. जेफ्री डॅनियल यांनी १९८२ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर मागे घसरत जाण्याची चाल दाखविली. पुढील वर्षी तीच चाल मायकेल जॅक्सनने 'मूनवॉक' म्हणून जगप्रसिद्ध केली. पण 'केबिन इन द स्काय' (१९४३) या चित्रपटात बिल बेली हे नर्तक तशीच चाल करताना दिसतात. मग या चालीचा कर्ता कोण मानावा? लोकपरंपरेत घडलेल्या गोष्टीवर एकाची मालकी सांगणे जितके कठीण, तितकेच सर्वांची म्हणून ती कोणीही उचलावी असे म्हणणे अन्यायाचे. कायद्याने पहिली अडचण ओळखली. दुसरीवर उत्तर शोधले नाही.

६) वारसा : आजच्या संदर्भात

१९८० च्या दशकात संगीतध्वनिचित्रफितींच्या वाहिन्या आल्या आणि हिपहॉपचा उदय झाला. कॉर्नेलियस यांना या नव्या संगीताविषयी फारशी आस्था नव्हती, तरी त्यांनी त्यालाही मंच दिला. १९८७ मध्ये त्यांनी 'सोल ट्रेन संगीत पुरस्कार' सुरू केले. १९९३ मध्ये ते निवेदनातून निवृत्त झाले. २००६ मध्ये नव्या भागांची निर्मिती थांबली, तेव्हा ११०० हून अधिक भाग प्रक्षेपित झालेले होते. १ फेब्रुवारी २०१२ रोजी कॉर्नेलियस यांचे निधन झाले. २०२३ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने त्यांचा मरणोत्तर गौरव केला.

मालकीचा प्रवासही नोंदविण्यासारखा आहे. जॉन्सन प्रॉडक्ट्स ही कंपनी १९९३ मध्ये एका बड्या औषधकंपनीने विकत घेतली. २००८ मध्ये कॉर्नेलियस यांनी 'सोल ट्रेन'चे हक्क विकले. २०११ मध्ये ते माजी बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन यांचा सहभाग असलेल्या गटाकडे आणि २०१६ मध्ये 'बीईटी' या वाहिनीकडे गेले. ही वाहिनी १९८० मध्ये रॉबर्ट जॉन्सन या कृष्णवर्णीय उद्योजकाने सुरू केली होती. परंतु हे हक्क तिने घेतले त्या वेळी ती वायाकॉम या महाकाय माध्यमसमूहाचा भाग होती. स्वतंत्र मालकी मिळविणे जितके अवघड, तितकेच ती पिढ्यान् पिढ्या राखणेही अवघड, हे यावरून दिसते.

नर्तकांचा प्रश्नही नव्या रूपात पुढे आला आहे. २०१८-१९ मध्ये काही कृष्णवर्णीय कलावंतांनी आपल्या नृत्यचाली 'फोर्टनाइट' या संगणकीय खेळात विनापरवानगी विकल्या जात असल्याचे दावे अमेरिकेतील न्यायालयांत दाखल केले. नोंदणीच्या अटीमुळे ते मागे घ्यावे लागले. २०२३ मध्ये नृत्यदिग्दर्शक काइल हानागामी यांच्या अशाच दाव्यात अपील न्यायालयाने, छोट्या नृत्यखंडाचाही साकल्याने विचार झाला पाहिजे, अशी भूमिका घेऊन दावा पुन्हा सुनावणीस पाठविला. दरम्यान, समाजमाध्यमांवर कृष्णवर्णीय मुलांनी रचलेली नृत्ये इतरांच्या नावाने गाजतात या तक्रारीतून २०२१ मध्ये 'टिकटॉक'वरील अनेक कृष्णवर्णीय नर्तकांनी नवी नृत्ये रचण्यावर बहिष्कार टाकला. फिलाडेल्फियातील 'स्ट्रोल'पासून भ्रमणध्वनीच्या पडद्यापर्यंत माध्यम बदलले. प्रश्न तोच राहिला.

भारतातही या वारशाचा एक धागा पोहोचला आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'बूगी वूगी'पासून पुढे आपल्या वाहिन्यांवर नृत्यस्पर्धांची परंपरा रुजली. मराठी घरांतील मुलेही त्यांत हिरिरीने उतरतात आणि 'लॉकिंग' हा शब्द त्यांच्या तोंडी सहज असतो. हा शब्द एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या अडखळलेल्या हातातून आला, याची जाणीव मात्र शिकणाऱ्यांना आणि शिकविणाऱ्यांनाही क्वचितच असते.

निष्कर्ष

१. 'सोल ट्रेन'पूर्वीच्या नृत्यकार्यक्रमांत कृष्णवर्णीयांची कला स्वीकारली गेली आणि कलावंत नाकारला गेला.
२. 'सोल ट्रेन'चे दीर्घायुष्य हे त्याच्या लोकप्रियतेइतकेच कृष्णवर्णीय निर्माता, प्रायोजक आणि जाहिरातसंस्था यांच्या परस्परपूरक अर्थकारणाचे फलित होते.
३. वेशभूषा, केशभूषा, संभाषण आणि नृत्य यांतून या कार्यक्रमाने आत्मसन्मानाचे लोकशिक्षण केले.
४. निर्मितीची मालकी मिळाली तरी श्रमाचे आणि सर्जनाचे मूल्य आपोआप मिळत नाही. नर्तकांचा अनुभव हे या वारशातील अपूर्ण कार्य आहे.
५. समूहात घडणाऱ्या नृत्याचे श्रेय व मोबदला कसा ठरवावा, याचे समाधानकारक उत्तर विद्यमान कायद्यात नाही.

समारोप

प्रतिनिधित्वाची चर्चा करताना 'पडद्यावर कोण दिसते' हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. 'सोल ट्रेन'चा इतिहास त्यापुढील दोन प्रश्न विचारावयास शिकवितो : कॅमेरा कोणाच्या हाती आहे आणि नाचणाऱ्याच्या हाती काय पडते? कॉर्नेलियस यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर पस्तीस वर्षे दिले. दुसऱ्याचे उत्तर ज्या मुला-मुलींनी द्यावयाचे होते, त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही श्रेयनामावलीत नाहीत. महाविद्यालयांतील सांस्कृतिक महोत्सवांत आपले विद्यार्थी त्यांचीच पावले आज नकळत गिरवीत असतात. त्या पावलांचा इतिहास त्यांना सांगणे, हे अध्यापक म्हणून आपल्या आवाक्यातील काम आहे.